फेरी बदलली, उत्तर तेच: डिजिटल मार्केटिंगच्या मुलाखतीत या चुका टाळा

'मागच्या कॅम्पेनला रोआस ४ आणला', म्हणजे जाहिरातीच्या दर रुपयामागे ४ रुपयांची विक्री. मुलाखतीच्या पहिल्या फेरीत हे वाक्य एचआरला आवडतं. दुसऱ्या फेरीत मार्केटिंग मॅनेजरला तेच ऐकवलं, की तो विचारतो, 'मार्जिन किती होतं?' आणि उमेदवार गप्प. मी स्वतः असा गप्प बसलोय. पुढे मुलाखती घ्यायला लागल्यावर रोज कुणीतरी तसंच गप्प बसताना पाहिलंय.

हिशेब साधा आहे. १०० खर्च करून ४०० ची विक्री झाली, तर रोआस ४. पण मार्जिन २० टक्के असेल, तर हाती येतात ८०, म्हणजे जाहिरातीचा खर्चसुद्धा निघाला नाही. तुमचा आकडा खोटा नसतो, अर्धा असतो. दर फेरीत समोरचा माणूस बदलतो आणि त्याला उरलेल्या अर्ध्यातलं काहीतरी वेगळं हवं असतं. एचआरला बघायचं असतं की सीव्हीतलं खरं आहे का, पगाराची अपेक्षा बसते का आणि रुजू कधी होणार. तिथे अॅट्रिब्युशन मॉडेल (विक्रीचं श्रेय कुठल्या जाहिरातीला द्यायचं याची पद्धत) समजावत बसू नका. शेवटच्या फेरीतल्या डायरेक्टरला क्लिकचं कौतुक नसतं. नवा ग्राहक कितीला पडला, हे त्याला ऐकायचं असतं.

तांत्रिक फेरीत मला एक प्रश्न विचारायला फार आवडतो: 'गूगल अॅड्समध्ये ५० कन्व्हर्जन दिसतायत, जीए४ मध्ये ३८. का?' कन्व्हर्जन म्हणजे खरेदी किंवा नोंदणीसारखी हवी ती कृती; जीए४ म्हणजे गूगल अॅनालिटिक्स ४, वेबसाइटवरची ये-जा मोजणारं साधन. बहुतेक जण 'ट्रॅकिंग बिघडलं असेल' म्हणून मोकळे होतात. बिघडलेलं असूही शकतं, पण सगळं नीट असतानाही फरक पडतो. सोमवारी क्लिक आणि गुरुवारी खरेदी झाली, तर गूगल अॅड्स ती सोमवारच्या खात्यात टाकतं, जीए४ गुरुवारच्या. मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्रामची) नेहमीची सेटिंग क्लिकनंतरचे ७ दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतरचा १ दिवस मोजते. नुसतं पाहून गेलेला माणूस अॅनालिटिक्सला कळतच नाही. हे माहीत नसेल तर 'आधी तारखा जुळवेन, मग टॅग (साइटवरचा मोजणीचा कोड) तपासेन' असा तपासाचा क्रम सांगा, तेही चालतं. ठोकून देऊ नका. समोरच्याला ते लगेच कळतं.

जुन्या नोट्सवर तयारी करणं हीसुद्धा चूकच. जीए४ च्या आधीच्या युनिव्हर्सल अॅनालिटिक्सने जुलै २०२३ मध्ये नवा डेटा घेणं थांबवलं, तरी अजून कुणीतरी त्यातलीच बाउन्स रेटची व्याख्या सांगतं. जीए४ मध्ये १० सेकंदांपेक्षा जास्त टिकलेलं, दोन पानं पाहिलेलं किंवा की इव्हेंट (तुम्ही महत्त्वाची ठरवलेली कृती) झालेलं सेशन, म्हणजे साइटवरची एक भेट, 'एंगेज्ड' धरतात. उरलेली सेशन म्हणजे बाउन्स.

सगळ्यात जास्त माणसं गळतात ती असाइनमेंटमध्ये. ४० स्लाइड्सचं डेक येतं, त्यात कंपनीचा इतिहास, स्वॉट, रंगीत फनेल (टप्प्याटप्प्याला किती जण गळतात त्याचं चित्र), आणि बजेट कुठे किती लावायचं हे मात्र शेवटच्या स्लाइडवर, तेही 'सोशल ५०, सर्च ५०'. का, ते नाही. सहा-सात स्लाइड्स पुरतात. पहिल्याच पानावर गृहीतकं लिहा: 'कन्व्हर्जन रेट २ टक्के धरलाय, तो १ निघाला तर लीडचा (एका संभाव्य ग्राहकाचा) खर्च दुप्पट होईल.' हे एक वाक्य दहा आलेखांना भारी पडतं. त्याआधी मेटाची अॅड लायब्ररी आणि गूगलचं अॅड्स ट्रान्सपरन्सी सेंटर उघडा. त्या कंपनीच्या नि स्पर्धकांच्या जाहिराती तिथे फुकट दिसतात, तरी अनेक जण पाहत नाहीत. असाइनमेंटच्या नावाखाली कुणी चालू अकाउंटवर आठवडाभराचं काम करून मागत असेल, तर किती तास द्याल ते आधीच ठरवा आणि सांगा.

आधीच्या क्लायंटच्या डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट नावासकट दाखवू नका. समोरच्याच्या मनात येतं, उद्या आमचेही असेच फिरतील. नावं झाका, टक्केवारीत बोला. आणि 'मी' कुठे, 'आम्ही' कुठे हे जपून वापरा. टीमने केलेलं काम एकट्याचं म्हणून सांगितलं, की पुढच्या फेरीतला तिसरा प्रश्न ते उघडं पाडतो.

नकार येत असतील तर स्वतःच्या मुलाखतींचंही फनेल मांडा. पहिल्याच फेरीत थांबत असाल, तर सीव्ही आणि पगाराचा आकडा तपासा. तांत्रिक फेरीत थांबत असाल, तर एक डेमो अकाउंट उघडून हात चालवा, कारण वाचून हे येत नाही. असाइनमेंटनंतर शांतता पसरत असेल, तर डेक मार्केटिंगबाहेरच्या मित्राला दाखवा आणि पैसे कुठे लावायचे ते दोन मिनिटांत त्याला सांगता येतं का बघा. शेवटच्या फेरीत अडत असाल, तर बहुधा तुम्ही तिथेही रोआसच सांगत असाल.