कपाळावरचे केस तुटू नयेत म्हणून: गोव्याच्या हवेत जपानी पद्धतीची ठसाछपाई

उतामारो या जपानी चित्रकाराच्या, लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रातल्या बाईच्या कपाळाजवळ बघा, केस न् केस सुटा दिसतो. ही किमया कोरणाऱ्याची. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, प्रकाशक पैसा घाली, चित्रकार रेखाटन देई, कोरणारा आणि छापणारा वेगळे असत. चेहरा आणि केस कोरायचे ते सर्वांत मुरलेल्या हातानेच.

जपानी कारागीर रानचेरीची फळी वापरत. आपल्याकडचा साग किंवा फणस घेऊ नका. त्यांची छिद्रं मोठी, बारीक रेघ नेमकी तिथेच तुटते. सगळे ठसे एकाच हंगामात कोरा. रेषांचा ठसा मे महिन्यात आणि रंगांचे जुलैत कोरलेत, तर पावसाने फळी आडवी फुगते आणि ओठांचा लाल रंग हनुवटीकडे सरकतो.

पातळ कागदावरचं रेखाटन खळीने फळीवर पालथं चिकटवा. ओल्या बोटाने मागचे तंतू हळूहळू चोळून काढा, मग खोबरेलाचं बोट फिरवा. रेघ स्पष्ट दिसते. सुरीचा काप रेघेपासून बाहेरच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे केसाचा पाया रुंद राहतो. सरळ उभा काप दिलात तर ब्रशच्या दोन फेऱ्यांत केस उडतो. कागद बसवायच्या दोन खाचा, एक कोपऱ्यात काटकोनी आणि एक लांब कडेला सरळ, याच रेषांच्या ठशात कोरा. त्यांच्यासकट काढलेल्या छापांवरूनच प्रत्येक रंगाचा ठसा कोरायचा.

खळीला साध्या तांदळाचं पीठ घ्या, उकड्याचं नको, त्याला चिकटपणा कमी. एका वाटीला पाच वाट्या पाणी घालून पारदर्शक होईस्तोवर शिजवा. ठशावर रंग आणि वाटाण्याएवढी खळी टाकून ब्रशने एकजीव करा. खळी कमी पडली की तीळ पेरल्यासारखे ठिपके उठतात. जास्त झाली की केसांमधल्या फटी बुजतात, आणि हे जास्त वाईट, कारण ठसा धुऊन पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कागद ठेवून पाठीवर बारेन, म्हणजे बांबूच्या कोंबावरच्या सुक्या वेष्टनात गुंडाळलेली चकती, दाबून फिरवा.

कागद आदल्या रात्री ओलसर वर्तमानपत्रांत घालून ठेवा आणि छापताना पंखा बंदच ठेवा. कडा सुकल्या की कागद आखडतो आणि पुढचा रंग जागेवर बसत नाही. काम अर्धवट राहिलं तर गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यात बाहेर राहिला तर बुरशी धरलीच म्हणून समजा.