दुधाची दुसरी पिशवी

भयकथा लिहायला बसणाऱ्याला वातावरण, निवेदक, हळूहळू वाढणारा ताण हे सगळं ठाऊक असतंच. मी बोलणार आहे ते फक्त खुलाशाबद्दल. माझी सहा वर्षं त्याने खाल्ली.

माझी एक कथा होती. एकटी राहणारी बाई, दूधवाला रोज दाराला एक पिशवी अडकवतो. एका सकाळी दोन असतात. विचारलं तर म्हणतो, "आतल्या आजींनीच सांगितलं ना." फोनवर इथपर्यंत वाचून दाखवलं तेव्हा बहीण म्हणाली, "थांब गं, दिवा लावते." मग मी पुढची दोन पानं वाचली. शेजारचे म्हातारे काका येतात आणि त्या खोलीत पूर्वी कोण राहायचं, ती कशी गेली, तिचा जीव कशात अडकलाय, सगळं सांगतात. बहीण म्हणाली, "अच्छा, असं होतं होय." आवाजात भीतीचा लवलेश नव्हता.

कथा साभार परत आली. आता खरा सापळा ऐका. मला वाटलं, आजींची गोष्टच पुरेशी भयानक नाही. म्हणून पुढच्या कथेत मरण आणखी क्रूर केलं, इतिहास आणखी लांबवला. तीही परत आली. जितक्या कथा परत येत, तितकी मी जास्त समजावत गेले. काका काढले तर जुनी डायरी आली, डायरी काढली तर पेपरातलं कात्रण, मग मांत्रिक. हे सगळे काकाच आहेत, नीट ओळखा. 'कदाचित ती अजून कुणाची तरी वाट पाहत होती' हे एकच वाक्यसुद्धा काकाच.

आपल्या वाचकाला तर सांगायची गरज आणखीच कमी. मुंजा म्हटलं की त्याच्यासमोर पिंपळ उभा राहतो. सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा वगैरे तुम्ही सांगत बसलात की पिंपळाचं नुसतं झाड होतं.

शिरोड्याजवळ आरवलीला वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी लोकांची श्रद्धा. (तो राखणदार देव आहे. त्याला हडळ-खविसांच्या रांगेत बसवू नका, मला ते मनापासून खटकतं.) पण त्या झिजलेल्या चपलेचा विचार करा. चालणारा कुणाला दिसत नाही, तळ झिजलेला दिसतो. भयकथेला एवढं पुरतं.

इतिहास तुम्हाला स्वतःला मात्र माहीत हवा. तो वेगळ्या वहीत लिहा, अगदी दहा पानं लिहा. ती वाया जात नाहीत, आजींना दूध का हवंय हे त्यातूनच कळतं. वही फक्त कथेबाहेर ठेवा.

शेवटी धक्का द्यायची युक्ती शिकवणाऱ्या कार्यशाळांना जाऊ नका. धक्का एकदाच बसतो. ऑडिओसाठी लिहिणंही सुरुवातीला टाळा, तिथे भीती पार्श्वसंगीत घालतं आणि आपल्याला वाटतं आपण घातली. मार्गदर्शक हवा असेल तर वाक्यं सुधारून देणारा नको. ऐकता ऐकता कुठे गप्प झालो, एवढं प्रामाणिकपणे सांगणारं माणूस शोधा. मला ते घरातच मिळालं.

दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच मागवतात, त्या घाईत काका हटकून परत येतात. माझ्याकडे आजही पहिल्या खर्ड्यात येतात. घाबरू नका, येऊ द्या. खर्डा आठवडाभर मिटून ठेवा आणि मग शेवटून मागे वाचत या. ते कुठून आत शिरले ते दिसतंच, तिथे कापा.

दुधाच्या कथेतली दोन पानं मी चार वर्षांनी काढली. त्यांच्या जागी एकच वाक्य लिहिलं: तिसऱ्या सकाळी काही न विचारता तिने दोन्ही पिशव्या आत घेतल्या आणि दूध तापवायला मोठं पातेलं काढलं.

बहिणीला पुन्हा फोन केला. वाचून झाल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही.