वर्गणी नको, विक्री हवी: शाळकरी मुलांचा पिशव्यांचा उद्योग कसा उभा करावा

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलांना वर्गणी मागायला शिकवावं लागत नाही. गणपती जवळ आले की पावतीपुस्तक घेऊन ती जिने चढायला लागतात. वस्तीसाठी काही करायचं म्हटलं तरी त्यांना आधी तेच सुचतं, आणि तिथेच मी त्यांना थांबवते. वर्गणी एकदा मिळते आणि संपते. लोकांना लागणारी वस्तू विकली तर पैसा पुन्हा पुन्हा येतो, शेजारच्या वस्तीतल्या बाईला कामही मिळतं.

सुरुवात बाजारातून करा. वही-पेन्सिल घेऊन मुलांनी तीन-चार संध्याकाळी मालगंजच्या भाजीबाजारात उभं राहावं आणि किती जण रिकाम्या हाताने येतात ते मोजावं. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे, म्हणून कापडी पिशवी खपेलच, असं आमच्या सातवी-आठवीच्या मुलांनी धरलं होतं. एका भाजीवाल्या ताईंनी त्यांना सांगितलं, "बेटा, थैली तो सबके घर में है, साथ कोई नहीं लाता." या एका वाक्याने आमची वस्तूच बदलली. मोठी पिशवी बाजूला पडली आणि घडी करून शर्टाच्या खिशात मावेल अशी पिशवी करायचं ठरलं. विचारायची ही पायरी कृपा करून गाळू नका.

मग नमुना. जुनी सुती साडी घ्या, नायलॉनची नको. पंच्याऐंशी बाय पंचेचाळीस सेंटिमीटरचे तुकडे कापले आणि विरलेला भाग सोडला, तर पाचवारीतून साधारण दहा पिशव्या होतात. आजीच्या नऊवारीतून पंधरा-सोळा. काठ वेगळा काढून त्याचे बंद करा, साडीत सगळ्यात मजबूत तोच असतो. आमच्या पहिल्या पिशव्यांचे बंद एकाच टाक्यावर होते. तीन किलो बटाट्यांनी ते उसवले आणि एका आजींचे बटाटे रस्त्यावर गडगडले. मुलांनी ते वेचून दिले, पैसेही परत केले. तेव्हापासून बंदाच्या जोडावर चौकोन आणि आत फुली अशी शिवण असते, आणि पाच किलो बटाटे भरून दहा मिनिटं खुंटीला टांगल्याशिवाय नमुना पास होत नाही.

शिवणकाम मुलांकडून करून घेऊ नका. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला कायद्याने बंदी आहे, आणि शिलाईची मजुरी वस्तीतल्या बायकांना मिळावी यासाठीच तर हा खटाटोप. नमुना, विक्री, हिशेब एवढं मुलांचं. अठरा वर्षांखालच्यांचा करार कायद्याने टिकत नाही, तेव्हा सही शिक्षकांची किंवा पालकांची.

किंमत फळ्यावर सगळ्यांसमोर काढा. समजा शिलाई १२ रुपये, दोरा आणि धुणं २ रुपये. पिशवी २५ ला विकली तर ११ उरतात. शिलाई घासाघीस करून कमी करायची नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. शंभर पिशव्यांचे ११०० रुपये कशाला जाणार हे विक्रीआधीच ठरवा आणि टेबलावरच्या पाटीवर लिहा. आमच्या पाटीवर "बालवाडीच्या पाण्याच्या फिल्टरसाठी" असं होतं. गिऱ्हाईक ते वाचून विचारायचं, आणि बोलायला लाजणारी मुलंही उत्तर द्यायची.

रोकड रोज दोघांनी मोजावी, दोघांनी सही करावी. पैसे शाळेच्या खात्यात जमा करा, एका मुलाच्या नावावर नको.

नववीची मुलं दहावीत गेली की उद्योग बसतो. म्हणून जानेवारीतच आठवीतली दोन मुलं सोबत घ्या. हिशेबाची वही, पुठ्ठ्याचा कापणीचा साचा आणि शिवणाऱ्या ताईंचा फोन नंबर त्यांच्या हाती द्या, आणि ताईंच्या घरी एकदा त्यांना घेऊन जा.