गाय वेळेवर माजावर यावी यासाठी खनिज मिश्रण कसे द्यावे

कोल्हापूर-सांगलीच्या ऊसपट्ट्यात गाईच्या पोटात वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, भर फार असते. वाढ्यांत ऑक्झलेट असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि गाईच्या अंगी लागू देत नाही. त्यातच दर लिटर दुधामागे सव्वा ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम गाईच्या अंगातून जाते. मग गाय हाडांतून काढून दूध देते आणि महिनोन्‌महिने माज दाखवत नाही, किंवा मुका माज करते, म्हणजे माज येतो पण बाहेरून कळत नाही.

म्हणून सुरुवात गव्हाणीपासून करा. वाढ्यांचे प्रमाण कमी करून मक्याचा मुरघास, लसूणघास आणि कडब्याची कुट्टी वाढवा. चारा आणि पेंड अपुरी असेल तर कितीही महाग पावडर आणली तरी पैसे वाया जातात. शेणाची तपासणी करून जंताचे औषधही आधीच द्या.

मग पिशवी निवडा. आयएसआय चिन्ह आहे का पाहा आणि मागचा तक्ता वाचा: कॅल्शियम निदान २० टक्के, स्फुरद (फॉस्फरस) १२ टक्के, जस्त ०.८ टक्के. तांबे, मँगनीज, कोबाल्ट, आयोडीनही हवेच. नुसत्या कॅल्शियमच्या बाटलीला खनिज मिश्रण समजू नका. माजासाठी स्फुरद, जस्त आणि तांबेही तितकेच लागतात. गाय माती, चिंध्या, हाडे चघळत असेल तर बहुधा स्फुरद कमी पडतंय.

दुभत्या गाईला दुधाच्या मानाने रोज ५० ते १०० ग्रॅम, भाकड गाईला ५० ग्रॅम, कालवडीला २५ ते ३० ग्रॅम द्या. एकदा काट्यावर मोजून वाटीला खूण करून ठेवा. मिश्रण आंबोणात (भिजवलेल्या पेंडीत) नीट कालवा, सुके वरून भुरभुरले तर ते गव्हाणीच्या तळाशी राहते. मिश्रणात मीठ नसेल तर ३० ग्रॅम मीठ वेगळे घाला. आठ दिवस देऊन पंधरा दिवस बंद, असे करू नका. गाय रोज दूध देते, तिला रोजच लागते.

विण्याआधीच्या तीन आठवड्यांत मात्र हात आखडता घ्या. या काळात कॅल्शियम जास्त झाले तर हाडांतून कॅल्शियम काढायची गाईची सवय मोडते आणि व्यायल्याबरोबर दुग्धज्वराने, म्हणजे रक्तातले कॅल्शियम एकदम घटल्याने, ती खाली बसते. कॅल्शियम कमी असलेले, गाभण काळासाठीचे मिश्रण पशुवैद्यकांना विचारून घ्या. त्यात सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व असेल तर वार (व्यायल्यावर पडणारा जार) अडकण्याचा धोकाही कमी होतो. व्याली की त्याच दिवसापासून नेहमीचे मिश्रण सुरू करा.

पंधरा लिटरच्या वर दूध देणारी गाय व्यायल्यावर झपाट्याने खंगते. तिला पहिले तीन महिने रोज १०० ते २०० ग्रॅम बायपास फॅट, म्हणजे कोठीपोटात (पहिल्या मोठ्या पोटात) न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी, द्या. त्याऐवजी तेल ओतू नका, तेलाने कोठीपोटातले चारा पचवणारे जिवाणू मंदावतात.

फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, धीर धरा. व्यायल्याची तारीख वहीत लिहा. ६० दिवसांत माज दिसला नाही तर गर्भाशय तपासून घ्या. तिथला संसर्ग पावडरीने बरा होत नाही. माज दिसला की दर २१ दिवसांनी पहाटे आणि रात्री गोठ्यात फेरी मारा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करून घ्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.