माउस (उंदराच्या) रिसेप्टर प्रोटीनची, म्हणजे पेशीवर संदेश पकडणाऱ्या प्रोटीनची, पावडर आली, आता विरघळवायची कशी
व्हायल (पावडरची छोटी बाटली) हातात आली की लगेच झाकण उघडू नका, आधी थोडं सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवून पावडर तळाला आणा), कारण पावडर बऱ्याचदा झाकणालाच चिकटलेली असते आणि डोळ्याला दिसतही नाही. मग डेटाशीटवर लिहिलंय तोच बफर (विरघळवायचं द्रावण) घाला, बहुतेकदा स्टराइल पीबीएस (निर्जंतुक फॉस्फेट-मिठाचं पाणी) असतो, आणि व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात हलवणं) अजिबात नको, फेस आला की प्रोटीन बिघडतं, हलकेच फिरवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. छोटे अॅलिकॉट (एकेका वापरापुरते भाग) करून -८० अंश सेल्सिअसला टाका, परत परत फ्रीज-थॉ (गोठवणं-वितळवणं) नको. आणि हो, टॅग (प्रोटीनला जोडलेला जादाचा तुकडा) बघा! उदा. पीडी-१ या रिसेप्टरला माउस एफसी (उंदराच्या अँटीबॉडीचा शेपटीकडचा भाग) असेल तर अँटी-माउस सेकंडरी (उंदराची अँटीबॉडी ओळखणारी दुसरी अँटीबॉडी) त्यालाच चिकटणार, मग बॅकग्राउंड (नको असलेला सिग्नल) बघत बसा. सेल्सवर (जिवंत पेशींवर) वापरणार असाल तर एंडोटॉक्सिनचा (बॅक्टेरियातून येणाऱ्या विषारी घटकाचा) आकडाही तपासा.