आपल्या घरातलं इंधन जमिनीखाली कुठून आलं, ते स्वतः शोधून काढायची पद्धत

शाळेत जीवाश्म इंधनांचा धडा असतो, प्रश्नोत्तरं पाठ होतात, पेपर होतो आणि नंतर बहुतेकांच्या डोक्यात एवढंच उरतं की डायनोसॉर मेले, गाडले गेले आणि त्यांचं पेट्रोल झालं. तसं अजिबात झालेलं नाहीये. आणि जे खरं झालंय ते इतकं भारी आहे की ते नुसतं पाठ करून सोडून देणं मला पटत नाही, म्हणून ही पद्धत लिहितेय. घरातल्या बिलापासून सुरू करायचं आणि मागे मागे जात थेट खडकापर्यंत पोचायचं. आठवी-नववीतल्या मुलांना घेऊन एका रविवारी होतं, मोठ्यांनी एकट्याने केलं तरी हरकत नाही.

एक मोठा कागद घ्या, कार्डशीट असेल तर उत्तम. चार रकाने आखा: वीज, गॅस, पेट्रोल-डिझेल आणि बाकी सामान. प्रत्येक रकान्यात तीन गोष्टी भरायच्या, घरापर्यंत कसं आलं, निघालं कुठून, आणि किती जुनं आहे.

पण कागद भरायच्या आधी जरा बाहेर पडा. पुण्यात असाल तर पर्वती, हनुमान टेकडी, नाहीतर सरळ जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर. ते अख्खं देऊळ ज्या काळ्या दगडात कोरलंय तो बसाल्ट, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेला लाव्हा थंड होऊन झालेला खडक. पुण्यात बोअर मारताना वरची माती-मुरूम संपला की हाच काळा पत्थर लागतो. यात कोळसाही नाही आणि तेलही नाही, कारण इंधन व्हायला आधी झाडंझुडपं किंवा शेवाळ मरून गाळात गाडलं जावं लागतं आणि लाव्ह्यात ते होणार कसं. तर कागदाच्या मधोमध एक आडवी रेघ मारा आणि लिहा "आपला पत्थर, ६.६ कोटी वर्षं". पुढे जे सापडेल ते या रेघेच्या खाली, म्हणजे जास्त जुनं, की वर, म्हणजे कमी जुनं, तेवढं ठरवत जायचं. मला विचाराल तर सगळी मजा या रेघेत आहे.

आता वीज. महावितरणचं बिल काढा. युनिट बघा आणि आकारांच्या यादीत "इंधन समायोजन आकार" अशी एक ओळ शोधा. वीज बनवायचा आणि विकत घ्यायचा खर्च मंजूर दरापेक्षा वरखाली झाला की तो फरक या ओळीत येतो, म्हणजे कोळसा महागला की त्याची झळ इथे दिसते. देशातली साधारण ७० ते ७५ टक्के वीज कोळशावर होते. आपल्याकडे चंद्रपूरचं केंद्र आहे, २९२० मेगावॅटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी. कोयनेची पाण्यावरची वीजही याच जाळ्यात मिसळते, त्यामुळे आपल्या बल्बमधली वीज नेमकी कुठली हे वेगळं काढता येत नाही, पण चारातले तीन हिस्से कोळसा असं धरून चालायला हरकत नाही.

चंद्रपूरला कोळसा मिळतो तो वर्धा खोऱ्यातल्या खाणींमधून आणि तो आहे २५ कोटी वर्षांहून जुना. म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवर यायच्याही आधीचा! तेव्हा भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, दक्षिण अमेरिका हे सगळं एकाला एक चिकटलेलं होतं, गोंडवन म्हणतात त्याला, आणि हिमयुग ओसरल्यावर नद्यांच्या काठी मोठमोठ्या दलदली झाल्या होत्या. तिथे ग्लॉसोप्टेरिस नावाची झाडं वाढायची, जिभेसारख्या लांबट पानांची. झाड पडलं की ते साचलेल्या पाण्यात जायचं, तिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही, त्यामुळे नीट कुजायचंच नाही, त्याच्यावर दुसरं पडायचं, मग तिसरं, असा थर साचत जातो त्याला पीट म्हणतात. वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर. मग नदी वाळू-चिखल आणून वर टाकते, वजन वाढतं, खाली उष्णता वाढते, पाणी आणि वायू निघून जातात, कार्बनचं प्रमाण वाढत जातं आणि पीटचा लिग्नाइट म्हणजे कच्चा कोळसा, लिग्नाइटचा बिटुमिनस, आणि फारच दाब-उष्णता मिळाली तर अँथ्रासाइट होतो. एक मीटर कोळशाला साधारण पाच ते दहा मीटर पीट लागतं असं धरतात. मुलांना गुणाकार करायला लावा, हातभर जाडीच्या कोळशामागे हजारो वर्षांचं जंगल निघतं.

आपल्या गोंडवन कोळशात झाडांसोबत गाळही भरपूर मिसळला, म्हणून जाळल्यावर बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या वर राख उरते. ती राख मग सिमेंटमध्ये आणि फ्लाय ॲशच्या विटांमध्ये जाते, तुमच्या शेजारी नवीन स्कीमचं काम चालू असेल तर त्या करड्या विटा बघून या. आणि एक, इस्त्रीवाल्याकडचा कोळसा बहुतेक ठिकाणी लाकडी असतो, लाकूड कमी हवेत जाळून केलेला, तो या रकान्यात लिहायचा नाही. दगडी कोळसाच फक्त. तो रेघेच्या खाली, बराच खाली.

गॅसचा रकाना जरा गुंतागुंतीचा आहे. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर एमएनजीएलच्या, म्हणजे पुण्यात पाइपने गॅस देणाऱ्या कंपनीच्या, बिलावर एससीएम दिसेल, ते घनमीटरचं माप. हा मिथेन, हवेपेक्षा हलका, गळती झाली की वर जातो. सिलेंडर असेल तर १४.२ किलो प्रोपेन-ब्युटेन, हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास दोघांनाही मुळात नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळतात. सिलेंडरच्या वरच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी आणि पुढे वर्ष लिहिलेलं असतं, ती पुढच्या तपासणीची मुदत, ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. मुदत उलटून गेलेली असेल तर घेऊच नका, परत पाठवा.

तेल आणि गॅस बहुतांशी समुद्रात तयार होतं. पाण्यावर तरंगणारे सूक्ष्म जीव, शेवाळं, प्लँक्टन, हे मरून तळाच्या चिखलात पडतात, वर थर चढत जातात, चिखलाचा शेल नावाचा खडक होतो आणि त्यात अडकलेल्या जीवांचा केरोजेन म्हणून मेणचट पदार्थ होतो. हे दोन-चार किलोमीटर खाली गेलं आणि तापमान साधारण ६० ते १२० अंशांत राहिलं तर त्याचं तेल होतं, त्याहून जास्त तापलं तर गॅस. म्हणजे चहा उकळतो तितपतच उष्णता, पण ती लाखो-कोट्यवधी वर्षं.

आपल्याकडे बॉम्बे हाय १९७४ मध्ये सापडलं, मुंबईपासून समुद्रात साधारण १६० किलोमीटर, सागर सम्राट नावाच्या खोदकामाच्या रिगवरून खोदलं, १९७६ पासून उत्पादन. तिथल्या बऱ्याच भागात तेलाच्या थरांच्या खाली आपलाच काळा पत्थर आहे! म्हणजे तिथलं तेल-गॅस आपल्या पत्थरानंतरचं, रेघेच्या वर जाणारं. पण देशाला लागणारा निम्म्याच्या आसपास नैसर्गिक वायू बाहेरून येतो, उणे १६२ अंशांना थंड करून, द्रव करून, जहाजातून दहेज किंवा दाभोळला. त्यातला बराचसा कतारचा, आणि कतारचा गॅस ज्या शेलमधून आला असं मानतात तो ४३-४४ कोटी वर्षं जुना. जमिनीवर तेव्हा एकही झाड नव्हतं. शेगडीतल्या एकाच ज्योतीत रेघेच्या वरचं आणि खालचं दोन्ही जळत असू शकतं, त्यामुळे या रकान्यात दोन नोंदी करा.

आता प्रयोग, तो टाळू नका, कारण जमिनीखाली तेलाचं तळं असतं असंच सगळ्यांना वाटतं. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी, माशांच्या टाकीत घालतात ते बारीक खडे धुऊन, अर्धी वाटी खायचं तेल हळद घालून पिवळं केलेलं, दोन स्ट्रॉ, मेडिकलमधून एक मोठी सिरिंज आणि शाडू, गणपतीची उरलेली असेलच. बरणी अर्धी खड्यांनी भरा. एक स्ट्रॉ पार तळापर्यंत खोचा, दुसरी खड्यांच्या जेमतेम आत. तेल ओता, ते खड्यांच्या फटींत जाऊन बसेल. मग ओल्या शाडूचा दोन बोटं जाड थर वर लावा, बरणीच्या कडेला आणि स्ट्रॉभोवती नीट दाबून, फट राहिली तर सगळं तिथूनच निघेल. आता तळाच्या स्ट्रॉमध्ये सिरिंजने पाणी सोडा, अगदी सावकाश, घाई केली तर शाडू उचलली जाते. पाणी जड म्हणून खाली राहतं, तेल वर सरकतं, शाडूला अडतं आणि दुसऱ्या स्ट्रॉतून वर यायला लागतं.

खडे म्हणजे साठ्याचा खडक, सच्छिद्र, तळं वगैरे काही नाही. शाडू म्हणजे वरचा घट्ट खडक, तो नसता तर तेल कधीच वर येऊन वाया गेलं असतं, आणि पृथ्वीवर बनलेलं बरंचसं तेल असंच गेलंय. पाणी सोडून तेल वर ढकलणं बॉम्बे हायमध्येही करतात. शेवटी खडे बघा, कितीतरी तेल चिकटून राहिलेलं दिसेल, खऱ्या साठ्यातूनही सरासरी एक तृतीयांशच्या आसपासच हाती लागतं. तेलकट पाणी बेसिनमध्ये ओतू नका, जुन्या मातीत मुरवून कचऱ्यात टाका.

पेट्रोलचा रकाना पटकन होतो. ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात, आखाती तेलाचा मोठा भाग डायनोसॉरच्या काळातल्या समुद्रांमधल्या प्लँक्टनचा, बहुधा ती दंतकथा इथूनच आली असावी. मुंबईत माहुलच्या रिफायनरीत ते साडेतीनशे अंशांच्या पुढे तापवतात, हलकं ते वर, जड ते खाली असं वेगळं होतं, वरून गॅस, मग पेट्रोल, रॉकेल आणि विमानाचं इंधन, डिझेल, तळाला डांबर. तिथून पाइपलाइनने घाट चढून लोणी काळभोरच्या डेपोत, पुढे टँकरने पंपावर. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेवढा भाग उसा-धान्याचा, तो या कागदावर येत नाही.

बाकी सामान मुलांनाच शोधू द्या. रस्त्याचं डांबर, मेणबत्ती, व्हॅसलीन, बादली, पॉलिस्टरचा शर्ट हे सगळं तेलातून. युरिया नैसर्गिक वायूतून, म्हणजे मंडईतल्या भाजीतही तो आहेच. बरंचसं पोलाद कोकिंग कोळशावर, म्हणजे कोक बनवायच्या खास दगडी कोळशावर, चालणाऱ्या भट्टीतून.

शेवटी हिशोब. विजेचं युनिट गुणिले ०.७, पेट्रोलचा लिटर गुणिले २.३, सिलेंडर असेल तर एकाला साधारण ४२, आलेला आकडा म्हणजे महिन्याचा किलोतला कार्बन डायऑक्साइड. १५० युनिट, २० लिटर, एक सिलेंडर धरला तर १९० किलोच्या पुढे जातो. कोट्यवधी वर्षं गाडलेला हा कार्बन आपण दीडदोनशे वर्षांत वर काढला म्हणून हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाखांत २८० वरून ४२० च्या पुढे गेलंय. बहुतेक घरांत विजेचा रकाना सगळ्यात मोठा निघतो, कमी करायला तिथूनच सुरुवात करा. सोसायटीच्या गच्चीवर सोलर असेल तर बिलावरचे निर्यात केलेले युनिट आधी वजा करा, मगच ०.७ ने गुणा, नाहीतर आकडा उगाच फुगेल.