मीटिंग यादीतून गायब: आधीची आणि आयत्या वेळची तयारी

झूम किंवा मायक्रोसॉफ्ट टीम्सवरची दर आठवड्याची मीटिंग गायब झाली अशी ओरड झाली की पहिल्यांदा एवढंच बघायचं: मीटिंग गेलीय, की तिची यादीतली ओळ गेलीय? बहुतेक वेळा ओळच गेलेली असते. दर आठवड्याच्या मीटिंगची नोंद दोन ठिकाणी असते. व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर तिचा आयडी, पासकोड आणि वेटिंग रूमची सेटिंग असतात. कॅलेंडरमध्ये तारीख, वेळ आणि बोलावलेल्यांची नावं. झूमसारख्या ठिकाणी या दोन नोंदी एकमेकींशी बोलतात, पण नेहमीच बोलतात असं नाही. एकीकडून पुसलेली मीटिंग दुसरीकडे खुशाल जिवंत असू शकते. म्हणून अशा पुन्हा पुन्हा होणाऱ्या मीटिंगची मालिका सुरू करतानाच आयडी, पासकोड आणि पूर्ण लिंक सॉफ्टवेअरच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा. वहीत, ग्रुपच्या पिन केलेल्या मेसेजमध्ये, कुठेही चालेल. फक्त ज्या यादीतून ती गायब होणार आहे, त्याच यादीच्या भरवशावर राहू नका.

हे मी अनुभवाने सांगतोय. एकदा सुरू व्हायला सात मिनिटं असताना यादी उघडली, तर कोरी. घाबरून नवी मीटिंग काढली आणि नवी लिंक सगळ्यांना मेल केली. निम्मे लोक नव्या लिंकवर आले. उरलेले सवयीने जुन्या लिंकवर गेले आणि ‘होस्टची वाट पाहत आहोत’ ही पाटी बघत बसले, कारण जुनी मीटिंग अगदी ठणठणीत होती. घोळ माझाच होता. वरच्या कोपऱ्यातल्या गोल चकतीत रोजच्या फोटोऐवजी नुसतं एक अक्षर होतं. आदल्या रात्री घरगुती कामासाठी दुसऱ्या ईमेलने साइन इन केलं होतं आणि तसाच राहिलो होतो. यादी त्या दुसऱ्या अकाउंटची होती आणि त्यात मीटिंग असायचं काही कारणच नव्हतं.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. आधी चकती बघायची: कोणता ईमेल, कोणतं अकाउंट. गूगलने साइन इन आणि पासवर्डने साइन इन, यात ईमेल वेगळा असेल तर अकाउंटही वेगळं असतं, हे विसरायला होतं. मग अ‍ॅप सोडून ब्राउझरमध्ये त्याच अकाउंटने वेबसाइटवरची यादी बघायची. अ‍ॅप कधीकधी जुनीच यादी दाखवत राहतं. साइन आउट करून पुन्हा आत गेलं की भानावर येतं. तिथेही दिसली नाही तर ‘जॉइन’वर जाऊन लिहून ठेवलेला आयडी टाकायचा. मीटिंग उघडली तर ओळ हरवलीय, मीटिंग नाही. कामाला लागा, शोध नंतर घ्या. आयडीच चुकीचा आहे असं उत्तर आलं तर मात्र खरंच काहीतरी पुसलं गेलंय. नवी लिंक पाठवायचा विचार त्याआधी करू नका.

झूममध्ये आणखी एक जागा राहून जाते, ती म्हणजे ‘प्रीव्हियस’चा टॅब. मालिकेची शेवटची तारीख उलटली की ती ‘अपकमिंग’मधून उठून तिकडे जाते. कुणी काही पुसलेलं नसतं. मालिका बनवताना ‘एंड डेट’ला जे आपोआप आलं ते आपण न वाचता सेव्ह केलेलं असतं. तो आयडी लगेच मरत नाही. झूमच्या नियमाप्रमाणे एकदाच व्हायच्या मीटिंगचा आयडी ठरलेल्या तारखेनंतर ३० दिवस टिकतो आणि रिकरिंगचा, म्हणजे पुन्हा पुन्हा होणारीचा, शेवटची मीटिंग सुरू झाल्यापासून ३६५ दिवस. पर्सनल मीटिंग आयडीला, म्हणजे तुमच्या अकाउंटच्या कायमच्या आयडीला, मुदत नसते, पण तो सगळीकडे वाटू नये असं माझं मत. तो माहीत असलेला माणूस तुमच्या भलत्याच मीटिंगच्या दारात येऊन उभा राहतो. खरंच डिलीट झाली असेल तर झूमच्या वेबसाइटवर ‘रीसेंटली डिलीटेड’मधून सात दिवसांच्या आत परत आणता येते. सातच दिवस. आठवड्याची मीटिंग आज झाल्यावर कुणी पुसली, तर आपल्या लक्षात येईपर्यंत मुदत संपत आलेली असते. म्हणून मीटिंगच्या दिवशी न बघता आदल्या एक-दोन दिवसांत यादीवर नजर टाकायची सवय लावा. गूगल कॅलेंडरच्या ट्रॅशमध्ये नोंद साधारण ३० दिवस राहते, तिथे जरा निवांत.

सगळ्यात जास्त मीटिंगा ज्या एका चौकटीत मरतात तिच्याकडे आता वळतो. मालिकेतली एखादी मीटिंग पुढे ढकलायला गेलं की कॅलेंडर विचारतं: फक्त हीच, ही आणि यापुढच्या, की सगळ्या? घाईत बोट मधल्यावर पडतं. आत काय होतं ते माहीत असलं की बोट आपोआप थबकतं. कॅलेंडरमध्ये ५२ आठवड्यांच्या ५२ नोंदी नसतात. कॅलेंडरच्या नोंदी कशा लिहायच्या हे ठरवणाऱ्या २००९च्या आयकॅलेंडर मानकात, म्हणजे आरएफसी ५५४५मध्ये, मालिका हा एक नियम असतो: या दिवसापासून, दर आठवड्याला, अमुक तारखेपर्यंत किंवा अमुक वेळा. वगळलेल्या तारखा त्याला अपवाद म्हणून चिकटवलेल्या असतात. ‘ही आणि यापुढच्या’ म्हटलं की गूगल कॅलेंडर जुना नियम त्या तारखेच्या आधीच तोडतं आणि पुढच्यासाठी नवा नियम लिहितं. आपल्याला एकच मालिका दिसते, प्रत्यक्षात दोन झालेल्या असतात. व्हिडिओच्या बाजूची जोडणी ढिली असेल तर तिथे जुनीच मालिका जुन्याच तारखांवर बसून राहते. तेव्हा एका आठवड्यापुरता बदल असेल तर ‘फक्त हीच’. कायमचा बदल असेल तर ज्या जागी मालिका मुळात बनवली तिथूनच बदला: झूममध्ये बनवली तर झूममध्ये, कॅलेंडरला जोडलेल्या झूमच्या बटणातून (अ‍ॅड-ऑन) बनवली तर कॅलेंडरमध्ये. कुठे बनवली हे आयडीशेजारीच लिहून ठेवा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

एखाद्यालाच दिसत नसेल आणि बाकीच्यांना दिसत असेल, तर होस्टने काही करू नये. त्या माणसाने कधीतरी ‘नाही’ दाबलं असेल आणि नाकारलेल्या नोंदी दाखवायचं सेटिंग बंद असेल. किंवा अनोळखी पत्त्यावरून आलेली आमंत्रणं कॅलेंडरमध्ये आपोआप घेऊ नयेत असं त्याने ठरवलं असेल, म्हणजे आमंत्रण मेलमध्ये पडून असेल. मीटिंग आहे पण तासभर सरकलीय, अशी तक्रार आली तर टाइम झोन बघा. उन्हाळ्यात घड्याळ बदलणाऱ्या देशातले लोक सोबत असतील तर वर्षातून दोनदा ही तक्रार येणारच.

टीम्सचं गणित थोडं वेगळं. तिथे शेवटच्या तारखेनंतर ६० दिवसांनी मीटिंगची (तिच्या फोन नंबरांची आणि सेटिंगांची) मुदत संपते, आणि मधे मीटिंग सुरू केली किंवा बदलली तर ती पुन्हा ६० दिवसांनी लांबते. नियमित चालणाऱ्या मीटिंगला हे कधी जाणवत नाही. मोठ्या सुट्टीनंतर जाणवतं.

राहिला मालकीचा प्रश्न, आणि मला विचाराल तर यादीत हा सगळ्यात वर हवा होता. मालिका कुणाच्या नावावर आहे? झूममध्ये त्याच अकाउंटमधल्या लायसन्स असलेल्या सहकाऱ्याला अल्टरनेटिव्ह होस्ट, म्हणजे पर्यायी यजमान, करून ठेवा, म्हणजे तुम्ही आजारी असलात तरी दार उघडेल. तो माणूस मीटिंग सुरू करू शकतो, पण मालिका त्याची होत नाही. मूळ होस्ट नोकरी सोडून जात असेल तर त्याचं अकाउंट डिलीट करतानाच पुढच्या मीटिंगा दुसऱ्याच्या नावावर करायची सोय झूमच्या अ‍ॅडमिनकडे असते. ती त्याच वेळी वापरावी लागते, म्हणून अ‍ॅडमिनला आधीच सांगून ठेवा. टीम्समध्ये तर ऑर्गनायझर, म्हणजे मीटिंग बनवणारा, सहजासहजी बदलता येत नाही. तिथे जाणाऱ्याच्या शेवटच्या आठवड्यातच नव्या माणसाने नवी मालिका काढायची, सगळ्यांनी ती घेतली याची खात्री करायची, आणि मग जाणाऱ्याने आपली मालिका स्वतःच्या हाताने रद्द करायची. हे उलट्या क्रमाने झालं, म्हणजे अकाउंट आधी बंद झालं, की जुनी मीटिंग सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये दर आठवड्याला घंटी वाजवत राहते, आणि प्रत्येकाला ती आपापल्या हाताने काढावी लागते.